मेलेल्या कानातला ठोका

१

तेरखेड्यात येऊन कुणालाही विचारा, महारुद्रतात्या कुठं राहतो. माणूस आधी एक शिवी देईल, मग पत्ता देईल. दोन्ही बरोबर असतील.

माझं शिक्षण सातवी, तीही दोनदा नापास. पण नोकरी अशी की शिकलेल्याला मिळायची नाही. वैजनाथशेठच्या फटाक्याच्या कारखान्यात मला माणसं छळायचा पगार मिळतो. हसू नका, खरंच मिळतो.

कारखाना म्हणजे गावाबाहेर माळावर पत्र्याची एक लांबडी शेड. दोन्ही टोकांना सताड उघडी दारं, बाहेर वाळूचे ढीग, एक लिंब. आत आठ बाया दोन ओळींत बसतात. पुठ्ठ्याच्या नळीत दारू भरायची, वर लाकडी दट्ट्या धरायचा, मोगरीनं हलकं ठोकायचं. दिवसभर ठक, ठक. आता आठ माणसं ठोकायला बसली की कुणी सांगावं लागत नाही, हात आपोआप एका तालात येतात. ताल आला की डोकं झोपतं. आणि दारूपुढं डोकं झोपलं तर हात कधी जड पडेल त्याचा नेम नाही. सव्वीस वर्षांमागं कुणीतरी ओवी धरली, बाकीच्यांनी मागं ओढली, आणि एक मोगरी जरा जोरात पडली. एक बाई गेली. माझा डावा कान गेला. तेव्हापासून शेडमध्ये गाणं बंद, आणि ताल मोडायला मी.

काम सोपं आहे. ओळींमधून फिरायचं. राजनंदिनीचा पदर सिद्धम्माच्या पदराला बांधायचा. मधेच "अगं, सासू आली तुझी" म्हणायचं. गोष्ट सांगायला घ्यायची आणि ऐन जागेवर पाणी प्यायला निघून जायचं. बाया चिडतात, हात चुकतो, ताल फुटतो. आठ मोगऱ्या आठ वाटांनी वाजल्या की माझा पगार हलाल झाला.

फक्त एक चेष्टा मला बंद आहे. आमच्यात एक शब्द असतो: वात. तो कुणी ओरडला की हातातलं तिथंच ठेवायचं, मागं न बघता जवळच्या दारानं पळायचं आणि वाळूत पालथं पडायचं. पहिल्या दिवशी आधी हे शिकवतात, मग काम. दवाखान्यात माझ्या पट्ट्या बांधलेल्या डोक्यावर हात ठेवून माझ्या बायकोनं, सत्यभामेनं, शपथ घ्यायला लावली होती. "सगळ्या मस्कऱ्या करा. ही एक करायची न्हाय." ही शपथ मी पाळली. बाकीच्या शपथांचं विचारू नका.

सत्यभामा दाराजवळच्या पहिल्या जागेवर बसते. सबंध तालुक्यात तिच्यासारखी शिवी कुणाला येत नाही. तीही मानानं देते. "तुमचा मुडदा बशिवला तुमचा," असं म्हणते, पण "तुमचा" सोडत नाही. एक्कावन्न वर्षं रोज सकाळी मी काहीतरी उचापत करतो, ती शिवी देते, आणि मला कळतं की मी जिवंत आहे.

२

दिवाळीला दोन महिने होते, तेव्हा शेठची मुलगी अर्पिता पुण्याहून आली. कॉम्प्युटरवाली. तिनं स्वतः एक सॉफ्टवेअर बनवलं होतं, आवाज तयार करणारं. तिला ते बायांवर करून बघायचं होतं, कारण हंगामात कुणालाच धड झोप नसते.

"तात्या, आपल्या मेंदूत लाटा असतात," ती म्हणाली.

"आमच्याकडं प्यायला पानी न्हाय बाई, लाटा कुठनं आल्या?"

हसली. मग लॅपटॉप उघडून दाखवलं. पडद्यावर दोन आकडे आणि दोन रेघा. एका कानात एक सूर सोडायचा, दुसऱ्या कानात त्याच्यापेक्षा कणभर वेगळा. दोन्ही सूर सपाट. पण डोक्यात ते एकमेकांना भेटतात आणि तिसराच एक ठोका ऐकू यायला लागतो. तो हेडफोनमध्ये नसतो, हवेत नसतो. ऐकणाऱ्याच्या आतच असतो. हळूहळू मेंदू त्या ठोक्यावर चालायला लागतो आणि माणूस निवांत होतो.

"म्हंजे जो आवाज न्हायच, त्याच्या तालावर चालायचं?"

"तसंच काहीसं."

"आमच्या शेडमंदी असल्या तालाला बंदी हाय, ठाऊक हाय ना?"

"शेडमध्ये नाही हो. जेवणाच्या सुट्टीत, लिंबाखाली. वीसच मिनिटं."

मी पण कानाला लावून बघितलं. उजवीकडं नुसती कुईंऽऽ, डावीकडं तर माझा कानच मेलेला. ठोकाबिका काही नाही.

"तुम्हाला नाही जमायचं," अर्पिता म्हणाली. "याला दोन कान लागतात."

"मंग अर्धी झोप दे मला."

सत्यभामेला सात वर्षं झोप नव्हती. रात्रभर पत्र्याच्या पन्हाळ्या मोजत पडायची. पहिल्याच दुपारी हेडफोन लावला आणि लिंबाच्या बुंध्याला टेकून, तोंड उघडं टाकून ती झोपली. मी त्या तोंडात एक लिंबोळी टाकली. चावली, उठली, आणि चप्पल फेकून मारली ती माझ्या बरोबर टकुऱ्यावर. त्या रात्री ती सूर्य उगवेपर्यंत हलली नाही. मीच जागा राहिलो, तिचं घोरणं ऐकत. एका कानानं जेवढं ऐकता येतं तेवढं. सकाळी मी अर्पिताच्या पाया पडायला निघालो होतो, एवढा आनंद झालेला.

३

बाराव्या की तेराव्या दिवशी मी सत्यभामेच्या चहात मीठ घातलं. जुनी चेष्टा आहे, वर्षातून चारदा तरी करतो. पहिला घोट माझ्या अंगावर थुंकायचा, अशी रीत आहे.

तिनं बशीत ओतून सगळा चहा प्यायला.

"चहात मीठ हाय," मीच म्हणालो.

"व्हय," ती म्हणाली. "असू द्या."

मला वाटलं, उलटी माझीच फिरकी घेतेय. बरं, म्हातारी शिकली म्हणायची. दुसऱ्या दिवशी तिची एक चप्पल चुलीमागं लपवली. तर ती दुसरी पण काढून ठेवून अनवाणी माळावर चालत गेली. मग मी ठेवणीतला डाव काढला. जेवताना म्हणालो, "भाकरी करावी तर तुझ्या भनीनं. काय पातळ करती, काय पातळ!"

या वाक्यावर मागं एकदा माझ्या डोक्यात काठवट पडलेली आहे.

"व्हय," सत्यभामा म्हणाली. "चांगली करती ती."



जेवण झाल्यावर ती उंबऱ्यावर बसली. अंगठ्यानं उंबऱ्यावर ठोकत होती, सावकाश. गल्लीच्या पलीकडं सिद्धम्मा तिच्या दारात ज्वारी निवडत बसलेली. तिची सुपावरची बोटं पण वाजत होती. सत्यभामेचा अंगठा थांबला, सिद्धम्माची बोटं थांबली. मग दोघींनी परत एकदमच सुरुवात केली. मधून गावातली बैलगाडी गेली, दोघींना एकमेकी दिसत नव्हत्या, तरी चुकलं नाही.

मी मनाची समजूत घातली. एका कानाच्या माणसाला आवाज कुठून आला ते नीट कळत नसतं. दोन जागी वाजलेलं एकाच जागी वाजल्यासारखं वाटत असेल. म्हातारपण आहे. ऊन आहे. पण मीठ घातलेला चहा? तो काही मी कानानं ऐकला नव्हता.

४

सोमवारी शेडच्या दारात आलो आणि तिथंच थबकलो. आतून एकच मोगरी वाजत होती. मला वाटलं, बाकीच्या अजून आल्या नाहीत.

आठही बसलेल्या होत्या. आठ हात वर गेले, आठ हात खाली आले. ठक.

मी कामाला लागलो. सिद्धम्माला म्हणालो, "का वो सिद्धम्मा, नवरा कर्नाटकात पळाला म्हनं?" तिनं एरवी कानडीत माझे सात पूर्वज उकरले असते. ती माझ्याकडं बघून हसली, आणि हात चालूच. राजनंदिनीच्या आणि तिच्या पदराची गाठ मारली. दुपारी दोघी तशाच उठल्या, एका पावलानं लिंबापर्यंत गेल्या, तशाच परत आल्या. गाठीला ताण सुद्धा बसला नाही. मी गोष्ट सुरू केली आणि ऐन जागी सोडून पाणी प्यायला गेलो. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा मागून कुणी ओरडलं नाही, "अहो तात्या, पुढं काय?"

माठापाशी उभा राहून मी दोन पेले पाणी प्यायलो. 

५

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत ऑफिसात गेलो. ऑफिस म्हणजे एक खोली, एक टेबल, लिंबाकडं उघडणारी एक खिडकी. वैजनाथशेठ खुशीत होते. "तात्या, काय काम निघतंय बघा! एक नळी वाया न्हाय. सगळ्या अशा, की एकाच हातानं भरल्यात."

"त्याचीच भीती वाटायली, शेठ. ते आवाजाचं बंद करायला सांगा पोरीला."

अर्पिता कोपऱ्यात वहीवर काही लिहीत होती. मान वर न करता म्हणाली, "ते तर शनिवारपासूनच बंद आहे, तात्या. लॅपटॉप बिघडला. दुरुस्तीला पुण्याला पाठवलाय."

"मंग रोज दुपारी लिंबाखाली बसत्यात, ते काय ऐकत्यात?"

ती उठून खिडकीशी आली. लिंबाखाली आठ बाया ओळीनं बसलेल्या, डोळे मिटून, कानांवर हेडफोन. आठ वायरी एका डबीत गेलेल्या. डबीची वायर मातीत पडली होती, कशालाच जोडलेली नव्हती. तिच्या टोकावरून एक मुंगळा चालला होता.

"सवय लागली असेल," अर्पिता म्हणाली. "कान झाकले की बरं वाटतं. मी पण रोज ऐकायचे, मला माहीत आहे. काही होत नाही त्यानं."

"तुझं पेन बघ."

"काय पेनाला?"

तिच्या हातातलं पेन खिडकीच्या गजावर वाजत होतं. टक. टक. लिंबाखाली आठ अंगठे आठ गुडघ्यांवर पडत होते. टक. तिनं पेनाकडं पाहिलं, पेन थांबलं. मग ती शेठकडं वळून काहीतरी बोलायला लागली आणि पेन परत सुरू झालं, आपलं आपण.

शेठ म्हणाले, "तात्या, तुमाला दुसऱ्याचं चांगलं झालेलं बघवत न्हाय. वय झालं. घरी बसा आता."

"बसतो की," मी म्हणालो. "आधी माझी बायको मला परत द्या."

६

सुट्टी संपली. बाया शेडमध्ये गेल्या, मागून मी.

ठक. आठ हात. ठक. मी मधल्या वाटेनं फिरलो, राजनंदिनीचा पदर परत सिद्धम्माच्या पदराला बांधला. मला एवढं कळतं, कोणती मोगरी किती जड पडतेय. पायाच्या तळव्यांना कळतं. ठोका दर खेपेला कणभर जड होत होता. घाई नाही, राग नाही. जिना चढल्यासारखा एक एक पायरी. कुठवर चढल्यावर काय होतं, ते त्या शेडमध्ये माझ्याएवढं कुणाला ठाऊक नव्हतं.

"सत्यभामा," मी म्हणालो. "हात थांबव."

"व्हय," ती म्हणाली. ठक.

तिचा हात धरला. माझा हात तिच्या हाताबरोबर वर गेला आणि खाली आला. म्हातारीत एवढी ताकद कधी नव्हती. मग मला सुचलं म्हणून मी गायला लागलो, सव्वीस वर्षांची बंदी मोडून. बेसूर, रेडा रेकावा तसा. दोन ओळी त्यांनी ऐकून घेतल्या. तिसऱ्या ओळीला आठ मोगऱ्या माझ्या गाण्यावर पडायला लागल्या. मी झटकन तोंड मिटलं. जे देईन ते तो ताल स्वतःत ओढून घेत होता.

तेव्हा मी सत्यभामा आणि सिद्धम्मा यांच्या मधोमध उभा होतो. दोघींची तोंडं बंद होती, पण घशातून एक सपाट आवाज येत होता. एकीचा असा, दुसरीचा कणभर वेगळा.

आणि माझ्या डाव्या कानात ठोका पडला.

डावा कान. सव्वीस वर्षं ज्याच्यापाशी बॉम्ब फुटला तरी कळत नाही, तो. आतून, लांबून, विहिरीत कुणी मोट सोडावी तसा. मी पुढच्या ठोक्याची वाट बघितली. तो आला नाही. मग माझ्या ध्यानात आलं की तो पण वाट बघतोय. तिकडून कुणीतरी श्वास धरून माझं ऐकत होतं. किती गोड शांतता होती ती, काय सांगू! सत्यभामा इथंच होती, सिद्धम्मा इथंच होती, कुणाला काही दुखत नव्हतं. नुसतं एक पाऊल टाकायचं होतं. खाली बघितलं तर माझा उजवा पाय जमिनीवर वाजत होता.

"हाड्!" मी म्हणालो. "माझ्याशी चेष्टा? माझ्याशी?"

पायावर पाय देऊन मी बाहेर पळालो. डोक्यात एकच विचार. कान त्यानं घेतले, हात घेतले, जीभ घेतली. नाक घेतलं नसणार. नाकाशी त्याचं काय काम?

माल फोडून बघायचा आमचा खड्डा शेडपासून साठ पावलांवर आहे, वाऱ्याच्या अंगाला. तिथं तपासणीच्या वातींचा जुडगा पडलेला असतो. बॉम्ब नाही, नुसत्या वाती. सगळा जुडगा एकदम पेटवला. सर्र झालं, आणि गंधकाचा पिवळा धूर माळावरून सरकत सरळ शेडच्या दारात शिरला.

ठक, आतून आलं. ठक. मग ज्या जागी ठोका पडायला हवा होता तिथं काहीच आलं नाही.

मी दारात उभा राहिलो, सत्यभामेच्या डोळ्याला डोळा दिला, आणि सव्वीस वर्षांची शपथ मोडून बेंबीच्या देठापासून ओरडलो, "वाऽऽत!"

आठ मोगऱ्या आठ तऱ्हांनी पडल्या. तेवढं सुंदर गाणं मी जन्मात ऐकलं नाही. राजनंदिनी मागच्या दारानं, सिद्धम्मा पुढच्या, आणि त्यांच्या पदराची गाठ टर्रकन फाटली. कुणी रडत, कुणी देवाला हाका मारत, कुणी नुसतंच बोंबलत वाळूत पालथी. ऑफिसातून शेठ आणि अर्पिता धावत आले आणि तेही वाळूत पडले.

थोड्या वेळानं सत्यभामेनं मान वर केली. नाकपुड्यांत वाळू. खड्ड्यातला धूर बघितला, त्यात बॉम्ब नाही ते बघितलं, मला बघितलं. उठली, चालत आली आणि माझ्या थोबाडीत अशी ठेवून दिली की डाव्या कानात नुसतं झिणझिण झालं.

"मेल्या! शपथ घातली हुती ना तुला? तुझा मुडदा बशिवला तुझा!"

मी तिथंच वाळूत बसलो आणि पोट धरून हसलो. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. ते पाणी हसण्याचंच होतं असं मी सगळ्यांना सांगितलं.

७

शेठ मला काढून टाकायचा विचार करत होते, तेवढ्यात अर्पिता म्हणाली, "गप्प बसा सगळे. ऐका."

सगळ्यांनी ऐकलं. वारा, पत्रा, कावळे. कुणालाच काही ऐकू आलं नाही. ऐकू आलं ते मला, मेलेल्या कानात. ठक.

मी एकटाच दारापर्यंत गेलो. आत कुणी नव्हतं. मोगऱ्या जमिनीवर इकडंतिकडं पडलेल्या, दट्ट्ये कलंडलेले. सत्यभामेच्या जागेवर एक नळी उभी होती, तोंडापर्यंत दारूनं भरलेली. मी बघत असताना त्या दारूला मधोमध एक खळगा पडला. बोट दाबल्यासारखा. मग कानात ठक झालं, आणि खळगा कणभर खोल गेला.

मी दार ओढून घेतलं. पुढचं बघितलं नाही. बघणाऱ्याला पण ताल लागतो.

त्या संध्याकाळी शेठनं लांबूनच पाइपानं टँकरचं पाणी आत सोडलं, सगळा माल भिजवला आणि दोन्ही दारांना कुलपं घातली. हंगाम बुडाला. नवी शेड गावाच्या दुसऱ्या अंगाला बांधतायत. अर्पितानं लॅपटॉप पुण्याहून परत मागवलाच नाही. त्या दिवशीचं कुणी बोलत नाही. मला मात्र काढलं नाही, उलट काम वाढलं. आता मी रोज दुपारी कुलूप घातलेल्या शेडच्या पायरीवर जाऊन बसतो.

कानात ते चालूच असतं. बारीक, सावकाश, माझ्या पायाची वाट बघत. मी त्याला गोष्ट सांगायला घेतो. राजाची सांगतो, चोराची सांगतो, सिद्धम्माच्या नवऱ्याची सांगतो. ठोक्याला ठोका मिळत आला, पाय हलायला लागला, की ऐन जागी मी गप्प होतो. तिकडं पण गप्प होतं. त्याला पुढचं हवं असतं. मी विडी काढतो, आणि तशीच परत कानावर ठेवतो. बस म्हणावं वाट बघत. सव्वीस वर्षं मी याच कामाचा पगार खाल्लाय. दोन कानांच्या बायांना फसवलंस, आता अर्ध्या कानाच्या म्हाताऱ्याशी गाठ आहे.

फक्त एक हिशेब मी रोज जपून ठेवतो. जेवायची वेळ झाली की सत्यभामा माळाच्या कडेला येऊन हाक मारते. मी मुद्दाम हलत नाही. डोळे मिटतो आणि उजवा कान तिकडं करतो.

आज पहिली हाक लगेच आली. "आवं, येताय का?" दुसरीला बराच उशीर, मधे कुणाशी तरी भांडून घेतलं असणार. तिसरी लगोलग दुसरीच्या पाठीवर, आणि चौथी यायच्या आधीच एक चप्पल येऊन पायरीवर आपटली.

"मसणात जा त्या शेडीत, मी भाकरी कुत्र्याला घालते!"

कशाचा कशाला मेळ नाही. म्हणजे अजून माझीच आहे.

मी चप्पल उचलली, कुलपावर दोनदा थापटी मारली, तिसरी मारली नाही, आणि लंगडत, मुद्दाम वाकडी पावलं टाकत, जेवायला गेलो.